लुइझियाना पाहायला जाताना : जाणकारांनी अनुभव लिहा

अमेरिकेतलं लुइझियाना राज्य म्हटलं की बरेच जण न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर दोन रात्री काढतात आणि परततात. तिथे राहिलेल्यांनी, वारंवार जाणाऱ्यांनी नेमकं लिहावं : कधी जायचं, भाड्याच्या गाडीची गरज कुठे पडते, शाकाहाऱ्यांनी काय खायचं. 'मस्त आहे, जाऊन या' एवढंच नको.

*

न्यू ऑर्लिन्स शहरात असेपर्यंत गाडी घेऊच नका. फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातले रस्ते अरुंद, पार्किंगचे नियम वार-वेळेनुसार वेगळे. पाटी पूर्ण वाचली नाही तर गाडी उचलून नेतात. ट्रामचं तिकीट १.२५ डॉलर, दिवसभराचा पास ३ डॉलर. रोख देणार असाल तर सुटे जवळ ठेवा, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. सेंट चार्ल्स मार्ग १८३५ पासूनचा. त्यावरच्या हिरव्या डब्यांना एसी नाही, कॅनॉल स्ट्रीटच्या लाल डब्यांना आहे. ऑगस्टच्या दुपारी हा फरक चांगलाच कळतो!

*

मार्डी ग्रा हा मिरवणुकांचा कार्निव्हल दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो : ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार. २०२७ मध्ये तो ९ फेब्रुवारीला आहे. मोठे चित्ररथ फ्रेंच क्वार्टरच्या गल्ल्यांत शिरत नाहीत, ते सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवर बघा. मिरवणुकीच्या वेळी त्या रस्त्यावरची ट्राम बंद असते आणि मिरवणुकीच्या मार्गाने वेढलेल्या भागात लावलेली गाडी ती संपेपर्यंत बाहेर काढता येत नाही. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर ॲव्हेन्यूचा अपटाउनकडचा भाग बरा. कॅनॉलच्या दिशेला गर्दी आणि दारू दोन्ही वाढत जातं.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळातलं बुकिंग पैसे परत मिळणारंच करा.

*

शाकाहाऱ्यांसाठी जरा सविस्तर, कारण फसगत इथेच होते. लाल राजमा-भात हा तिथला सोमवारचा ठरलेला बेत. दिसायला आपला, पण त्यात डुकराचं हाड किंवा सॉसेज शिजलेलं असतं. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी, तिचीही तीच गत. गंबो हे दाट कालवण, त्यात बरेचदा भेंडी असते, पण रस्सा बहुधा कोंबडीचा नाहीतर कोळंबीचा. 'मीट आहे का?' असं विचारलं तर वाढपी तुकडे नाहीत म्हणून 'नाही' सांगून मोकळा होतो. म्हणून 'हॅम बोन (डुकराचं हाड), स्टॉक (मांस-हाडं उकळून केलेलं पाणी), लार्ड (डुकराची चरबी) यांतलं काही आहे का?' असं विचारा. क्रॉफिश (गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा कवचवाला जीव) मसाल्यात उकडतात त्या 'क्रॉफिश बॉइल'मधले बटाटे आणि मक्याची कणसं त्याच भांड्यात उकडलेली असतात, तेव्हा तीही नकोत.

*

मांसाहाऱ्यांसाठी : ताजे क्रॉफिश मार्च-एप्रिलमध्ये भरपूर मिळतात. माणशी तीन-चार पौंड सांगा, कारण बहुतेक वजन कवचाचंच. डोकं पिळून वेगळं करायचं, शेपटीची पहिली एक-दोन कडी सोलायची आणि शेवटाशी दाबून मांस ओढायचं. तिखट बोटांना बराच वेळ राहतं, डोळ्याला हात लावू नका.

घरी गंबो करणार असाल तर 'रू' जमणं महत्त्वाचं : तेल-मैदा समप्रमाणात, मध्यम आचेवर चॉकलेटी रंग येईपर्यंत. लाडवाचं बेसन भाजावं तसं सतत ढवळायचं, अर्धा-पाऊण तास. काळे ठिपके दिसले की ते फेकून नव्याने सुरू करा, कडवटपणा पुढे कशानेच जात नाही. फिले पूड (ससाफ्रास झाडाच्या वाळक्या पानांची, रस्सा दाट करणारी) वापरणार असाल तर आचेवरून उतरवल्यावर घाला. उकळली की तार सुटते.

*

गाडी घ्यायची ती शहराबाहेर पडायच्या दिवशी. रिव्हर रोडवर, तासाभराच्या अंतरावर जुने उसाचे मळे आहेत. ओक ॲलीतली २८ ओक झाडांची रांग फोटोला झकास, पण आधी व्हिटनीला जा. २०१४ मध्ये खुली झालेली ही जागा मळेवाल्यांच्या हवेलीपेक्षा गुलामांच्या जगण्याबद्दल बोलते. उलट क्रमाने गेलात तर दुसरीकडे पोचेपर्यंत ऊन आणि कंटाळा दोन्ही चढलेलं असतं.

दलदलीतल्या मगरी बघायच्या तर उबदार महिने निवडा. पारा १३ अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्या सुस्तावतात, दिसेनाशा होतात. एअरबोट, म्हणजे मागच्या मोठ्या पंख्यावर चालणारी बोट, वेगवान पण कानठळ्या बसवणारी. पक्षी बघायचे असतील तर सपाट तळाची साधी बोट घ्या. पैसे वाचवायचे असतील तर बराटारिया अभयारण्यातल्या लाकडी पायवाटा फुकट आहेत. डासांचं औषध गाडीतून उतरण्याआधीच लावा.