आंबिल ओढा: महिन्याची एक बाटली की पहिल्या सरीच्या आठ?

कात्रजउतार
नदीचा नमुना महिन्यातून एकदा घ्यायचा, तोही बहुतेक कोरड्या दिवशी, याने मैलापाणी कळतं. रस्त्यावरून धुऊन येणारं काही कळत नाही. ऑक्टोबरपासून साचलेली ब्रेकची धूळ, टायरचं रबर, ऑइल, बांधकामांची माती वळवाच्या पहिल्या दणक्यात अर्ध्या-पाऊण तासात पुण्याच्या आंबिल ओढ्यात येते. माझं म्हणणं, तपासणीचा पैसा आधी इथे घाला. ओढ्यावरच्या दांडेकर पुलावरून दोरीला बादली बांधून, पाणी चढायला लागल्यापासून ०, १०, २०, ३०, ४५, ६०, ९०, १२० मिनिटांनी नमुने. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. दर वेळी पुलाच्या मोजपट्टीवरची पाण्याची पातळी लिहायचीच, कारण प्रवाहाशिवाय आकडा लंगडा. लिटरला ४०० मिलीग्रॅम गाळ आणि सेकंदाला २ घनमीटर पाणी असेल तर दहा मिनिटांत ४८० किलो गाळ गेला. तोच ४०० पाव घनमीटर प्रवाहात असेल तर फक्त ६० किलो.

रसायनकट्टा
असहमत. ओढ्यात मैलापाणी मिसळतंय तोवर तुमच्या आठ बाटल्यांत रस्त्याचं किती आणि ड्रेनेजचं किती, हे कसं ओळखणार? पाऊस आला की गटाराच्या तळाशी बसलेला गाळही उसळतो. आधी उन्हाळ्यात, तीन दिवस पावसाचा थेंब नसताना, कात्रज तलावापासून खाली येत ओढ्यात उघडणाऱ्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी अमोनिया आणि वाहकता (पाण्यातून वीज किती वाहते; विरघळलेले क्षार जास्त तेवढी जास्त) मोजा. पावसाळी वाहिनी त्या दिवशी कोरडीच हवी. वाहत असेल आणि अमोनिया भरपूर असेल तर कुणीतरी ड्रेनेज त्यात जोडलंय.
दुसरं, वळीव पडतो संध्याकाळी पाचला, तेव्हा प्रयोगशाळा बंद होत असते. जंतूंचा नमुना बर्फात ठेवला तरी सहा-आठ तासांत तपासणीला लावावा लागतो.

कात्रजउतार
मग संध्याकाळच्या सरीत जंतू सोडून द्या. गाळ आणि धातू घ्या. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणला की घाई उरत नाही. तेलासाठी काचेची बाटली थेट पाण्यात सोडून भरा. बादलीतून ओतलेला नमुना फुकट जातो, कारण तवंग बादलीच्या कडेला चिकटून राहतो. मैलापाण्याचा मुद्दा मान्य. आदल्या कोरड्या दिवशी त्याच तासाला एक नमुना घेऊन तेवढा भार, म्हणजे पाण्याबरोबर वाहून गेलेली एकूण घाण, वजा करू. तास तोच हवा, सकाळी सातचं आणि दुपारी तीनचं मैलापाणी सारखं नसतं.

पूलपट्टी
पाऊस सांगून येत नाही, माणूस पोचेपर्यंत पहिली वीस मिनिटं गेलेली असतात. पातळी, वाहकता आणि गढूळपणाचे सेन्सर लावा, दर ५ मिनिटांनी नोंद. पावसाचं पाणी आलं की वाहकता खाली येते आणि गढूळपणा चढतो. गढूळपणा चढला पण वाहकता हललीच नाही, तर वर कुठेतरी ड्रेनेजचं चेंबर उसळतंय अशी शंका घ्यायची. हे बाटलीला दिसत नाही.

नळीबाटली
दिसतं खरं, पण त्या ओढ्यात सेन्सर टिकणार कसा? कॅरीबॅग गुंडाळली जाते, भिंगावर शेवाळ-चिकटा धरतो, आणि गढूळपणा चढतच गेलेला दिसतो. आठवड्याला पुसणारा माणूस नेमलेला नसेल तर सगळी नोंद खोटी. शिवाय २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला जो लोंढा आला, त्यात ठिकठिकाणी संरक्षक भिंतीसुद्धा राहिल्या नाहीत.
यापेक्षा पुलाच्या खांबाला वेगवेगळ्या उंचीवर १ लिटरच्या बाटल्या क्लॅम्पने बांधा. रबरी बुचाला दोन भोकं: एकातून पाणी आत घेणारी वाकडी नळी, दुसरीतून हवा बाहेर सोडणारी. पाणी त्या उंचीला पोचलं की बाटली आपोआप भरते. हवेची नळी पुराच्या अपेक्षित पातळीच्या वर न्यायची. ती बुडाली तर भरलेल्या बाटलीतून पाणी फिरत राहतं आणि पहिल्या सरीचा नमुना नंतरच्या पाण्याने पातळ होतो. आत घेणाऱ्या नळीचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करू नका, कचऱ्याने बुजतं.

रसायनकट्टा
ही बाटली चढतं पाणी पकडते, उतरतं पकडत नाही. म्हणजे एकूण भार त्यातून निघणार नाही, फक्त पहिल्या लोटाची तीव्रता. तेवढ्यापुरती ती उत्तम, पण माझी अमोनियाची पाहणी त्याआधी झालीच पाहिजे, यावरून मी हटणार नाही. आणि ओढा जिथे मिळतो त्याच्या खाली मुठा नदीत नमुना घेणार असाल तर खडकवासल्यातून त्या वेळी किती क्युसेक सोडलेत ते बाटलीच्या चिठ्ठीवरच लिहा. धरणाचं पाणी सुटलेलं असताना मुठा स्वच्छ दिसते, पण भार तेवढाच असतो.