'रिप्लेसमेंट' म्हणजे राखीव की बदली?

प्रश्न : बेसबॉलवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. संघ बांधणारी मंडळी खेळाडूचं मोल 'वॉर'वरून जोखतात, म्हणजे 'विन्स अबव्ह रिप्लेसमेंट'. मी 'राखीव खेळाडूपेक्षा जादा विजय' असं लिहिलंय. चालेल?

– नाही चालणार. राखीव खेळाडू आपल्याच संघातला, डगआउटमध्ये बसलेला. तो चांगला तगडाही असू शकतो. इथला रिप्लेसमेंट म्हणजे आज फोन केला तर उद्या किमान पगारावर हजर होईल असा कुणीही, बहुधा मायनर लीगमधला, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या स्पर्धांतला. (किमान म्हणजे २०२४ साली ७,४०,००० डॉलर. हसू नका.) नुसत्या अशाच खेळाडूंचा संघ हंगामातल्या १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं धरतात. वॉरचं शून्य तिथे, सरासरी खेळाडूवर नाही.

– मग सरळ 'बदली' म्हणा की. आमचे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर (मागावर) काम, आला तर डबा तसाच घेऊन घरी. मालकाचा हिशेब तोच: हा गेला तर गेटवरून जो मिळेल त्याच्यापेक्षा हा किती कापड जास्त काढतो?

– शब्द झकास, पण आजच्या वाचकाला बदली म्हटलं की गडचिरोली आठवते. त्यात उदाहरण द्याल न्यूयॉर्क यँकीज संघाच्या ॲरन जजचं. २०२२ मध्ये त्याने ६२ होमरन मारले, वॉर दहाच्या वर. यँकीजने ९९ सामने जिंकले. त्याच्या जागी गेटवरचा असता तर हिशेबाने नव्वदीही गाठली नसती. आता 'जजची बदली' असं लिहून बघा!

– म्हणून 'बदली खेळाडू' असं जोडूनच लिहायचं. क्रिकेटमधला बदली क्षेत्ररक्षक मनात येईल खरा, पण पहिल्यांदा एका वाक्यात खुलासा केला की भागतं. ताई, 'राखीव' मात्र काढाच.

प्रश्नकर्ती : काढलं. 'बदली खेळाडूपेक्षा जादा विजय'. आणि 'मॅनेजर'ला व्यवस्थापक?

– अजिबात नको. क्रिकेटचा व्यवस्थापक तिकिटं-हॉटेलं बघतो. बेसबॉलचा मॅनेजर गणवेश घालून डगआउटमध्ये असतो, फलंदाजीचा क्रम लावतो. खेळाडू आणणं-विकणं हे जनरल मॅनेजरचं काम. दोन्ही शब्द आहेत तसेच ठेवा.