मदत हवी आहे: प्रेशर 1 बार दिलंय, लॉगमध्ये −480 ते +530! काय बिघडलंय?

रेणूबडोदा: ग्रोमॅक्स सॉफ्टवेअरवर एमडी, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन, चालवतेय. प्रेशर 1 बार दिलंय, तरी दर ओळीला वेगळाच आकडा. कधी −480, लगेच पुढे +530. सरासरी 7.4. गाईड म्हणतात, सिस्टिम स्थिरच झालेली नाही. शुक्रवारी सेमिनार आहे. कुठलं सेटिंग बदलू? प्लीज लवकर सांगा.

अणुरेणू: पाणी किती? बॅरोस्टॅट (प्रेशर राखणारी पद्धत) कोणता? किती नॅनोसेकंद? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

रेणूबडोदा: अहो, साधं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आहे पाण्यात. एनपीटीच, म्हणजे रेणूसंख्या, प्रेशर आणि तापमान ठरवून दिलेलं. बाकी सगळं ट्युटोरियलसारखं.

फतेहगंज: बेरेंडसेन बॅरोस्टॅट लाव. मी पीएचडीभर तेच वापरलं. कसलाही त्रास नाही.

अणुरेणू: फतेहगंज, हा सल्ला देऊ नका. सुरुवातीला पेटी (ज्या चौकटीत रेणू भरतो ती) बसवून घ्यायला बेरेंडसेन ठीक आहे. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या खऱ्या रनमध्ये, तो आकारमानाचे चढउतार दाबून टाकतो, त्यातून काढलेली कम्प्रेसिबिलिटी (किती दाबलं जातं ते) चुकीचीच येणार. आणि क्षणाक्षणाचं प्रेशर त्यानेही हलायचं थांबत नाही. सी-रिस्केल किंवा पारिनेलो-राहमान बॅरोस्टॅट ठेवा.

फतेहगंज: माझे पेपर त्यावरच छापून आलेत. रिव्ह्यूअरने ब्र काढला नाही.

मांडवीकर: ताई, ग्राफिक्स कार्ड किती तापतंय ते आधी बघा. बडोद्यातल्या मे महिन्यात माझा पीसी दुपारी आपोआप बंद व्हायचा. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला. आणि यूपीएस घ्याच.

रेणूबडोदा: पीसी ठीक आहे हो. पाण्याचे रेणू 870, पारिनेलो-राहमान, 10 नॅनोसेकंद.

अणुरेणू: हे आधी सांगायचं ना! काहीही बिघडलेलं नाही. पाणी सहजी दाबलं जात नाही, त्यामुळे रेणूंमधलं अंतर जरासं बदललं तरी शेकडो बार इकडचे तिकडे होतात. नुसत्या 216 रेणूंच्या पेटीत स्टँडर्ड डेव्हिएशन 500-600 बार असतं. रेणू चौपट केले की ते निम्मं होतं. तुझे साधारण चौपटच आहेत, म्हणजे 250-300. −480 आणि +530 हे दोन सिग्माच्या (दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) आसपासचे आकडे, येणारच. एनर्जीच्या आउटपुटमध्ये सरासरीशेजारी एरर एस्टिमेट आणि आरएमएसडी असे कॉलम असतात. तिथे काय आहे?

रेणूबडोदा: 6.1 आणि 268.

मांडवीकर: आरएमएसडी 268? पेप्टाइड पार उलगडलं की!

अणुरेणू: तो रचनेचा आरएमएसडी (पेप्टाइड मूळ आकारापासून किती सरकलं ते) नव्हे, बारमधला आहे. 268 हा प्रेशरचा चढउतार, 6.1 ही सरासरीतली अनिश्चितता. 7.4 मधून 6.1 वजा केले की 1.3 उरतात, म्हणजे 1 बारपासून तू फारशी लांब नाहीस. गाईडना हे दोन आकडे वेगवेगळे दाखव. मात्र 6.1 वरही डोळे झाकून विसंबू नकोस, टूल रनचे फक्त पाच तुकडे करून तो काढतं. तुकड्यांची लांबी वाढवत जा. एरर वाढत वाढत एका पातळीवर टेकला तर ठीक, टेकलाच नाही तर रन अपुरा. फ्लिव्हबियर्ग आणि पीटरसन यांची 1989 ची पद्धत हीच.

रेणूबडोदा: गाईडना पटेल असं वाटतंय. अजून एक. पेप्टाइडमधले हायड्रोजन बंध सरासरी 2.1 आणि म्यूटंटमध्ये (बदल केलेल्या पेप्टाइडमध्ये) 2.6 आले. म्हणजे म्यूटंट जास्त स्थिर, असं स्लाइडवर लिहू ना?

अणुरेणू: एकेका रनवर? अजिबात लिहू नकोस. प्रेशर भराभर बदलतं, म्हणून 10 नॅनोसेकंदांत त्याचे भरपूर स्वतंत्र नमुने मिळतात. पेप्टाइड एका घडीतून दुसऱ्या घडीत सावकाश जातं, तेवढ्याच वेळात तू कदाचित एकच घडी पाहिली असशील. दोन्हींचे वेगवेगळ्या सीडने (सुरुवातीच्या रँडम आकड्याने) पुन्हा रन लाव आणि रनारनातला फरक 0.5 च्या शेजारी मांड.

रेणूबडोदा: शुक्रवारपर्यंत कसं होणार?

फतेहगंज: पेटी लहान कर, वेगाने होईल.

अणुरेणू: 870 रेणूंची पेटी आधीच लहान आहे, आणखी लहान केलीस तर पेप्टाइडला शेजारच्या पेटीतली स्वतःचीच प्रतिमा भेटेल, कारण सिम्युलेशनमध्ये पेटी चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडलेली असते. कटऑफ (रेणूंमधली बलं किती अंतरापर्यंत मोजायची ते) किती ठेवलाय?