मदत हवी आहे: रिठा-गवती चहाचं पाणी आंबू नये म्हणून काय घालावं?

प्रमाण असं: बिया काढलेले १५ रिठे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी गवती चहाची १० पाती कापून घालायची, २० मिनिटं मंद उकळून, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळायचं. ओट्यावरचा तेलकटपणा छान निघतो. पण बाहेर ठेवलं की दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो, विशेषतः तळाशी चोथा राहिला तर. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

व्हिनेगर किंवा लिंबू सुचवू नका. ओटा कडप्प्याचा, फरशी शहाबादी; दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने चकाकी कायमची जाते. मीठ कोणी वापरलंय का, लिटरला किती? की रिठ्याची पूड करून रोज ताजं भिजवणंच बरं?