मदत हवी आहे: स्क्रू ट्रॅपमध्ये खुणेचा एकही मासा परत आला नाही, त्या आठवड्याचा आकडा काय धरू?

रामबागची

इंदूरमध्ये बसून एका परदेशी सल्लागार कंपनीच्या नोंदी तपासायचं काम आहे. नदी कॅलिफोर्नियातली, सॅक्रॅमेंटोची एक उपनदी. वर धरण, आणि धरणाच्या १८ किलोमीटर खाली २.४ मीटर व्यासाचा तरंगता स्क्रू ट्रॅप, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणारा शंकू, ज्यात वाहत येणारे मासे अडकतात. समुद्राकडे उतरणारी चिनूक सामनची पिल्लं मोजायची आहेत. पकडलेल्यांपैकी काहींना शेपटीच्या वरच्या टोकाला बारीक छाट देऊन ट्रॅपच्या एक किलोमीटर वर सोडतात. त्यातले किती परत सापडले यावरून ट्रॅपची कार्यक्षमता, म्हणजे जाणाऱ्या माशांपैकी किती टक्के त्यात सापडतात ते, काढतात. सूत्र मला दिलेलं आहे:

अंदाज = ब × (ख + १) ÷ (प + १)

ख म्हणजे खूण करून सोडलेले, प म्हणजे परत सापडलेले, ब म्हणजे त्या आठवड्यात पकडलेले बिनखुणेचे.

आठवडा ६: ख २५०, प १०, ब ६१०. अंदाज १३,९१९
आठवडा ७: ख ३००, प ९, ब ४२०. अंदाज १२,६४२
आठवडा ८: ख १२०, प ०, ब ३००. अंदाज ३६,३००
आठवडा ९: ख २८०, प १४, ब ५१५. अंदाज ९,६४८

आठव्या आठवड्याचा आकडा डोळ्यांत खुपतो. बाकी तीन आठवडे एकत्र केले तर ८३० पैकी ३३ परत आले, म्हणजे जवळपास ४ टक्के. तीच कार्यक्षमता लावली तर ३०० चे ७,५४५ होतात. ३६,३०० की ७,५४५? अहवालात एकच आकडा जायचा आहे.

दुसरं, संपूर्ण मोसमात रेनबो ट्राउटची ३१ पिल्लं मिळाली आहेत. त्यांचाही अंदाज मागितला आहे.

चौकट_राशी

दोन्ही नको. ३६,३०० च्या मागे माहितीच नाही. प शून्य असला की सूत्र नुसतं ब ला १२१ ने गुणतं. त्याची प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो ते) काढून पाहा, २५,६०० च्या आसपास येते. म्हणजे आकडा छापायच्याही लायकीचा नाही.

७,५४५ मध्ये वेगळी चूक आहे. कार्यक्षमता खरोखर ४ टक्के असती तर १२० पैकी एकही परत न येण्याची शक्यता ०.९६ चा १२० वा घात, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तेव्हा त्या रात्री काहीतरी वेगळं घडलं होतं हे जवळजवळ नक्की, आणि नेहमीची सरासरी लावून आपण तेच झाकतो आहोत.

तसंही १२० हा ख अपुराच आहे. किमान ७ परत यावेत असा हिशेब धरतात, त्याखाली अंदाज एका बाजूला झुकतो. ४ टक्क्यांना त्यासाठी १७५ मासे सोडावे लागतात.

पाणचक्की

सूत्र नंतर बघू. आधी हे सांगा:

१. आठव्या आठवड्यातली रोजची पकड.
२. शंकूच्या फेऱ्यांच्या काउंटरचे रोजचे आकडे, आणि तपासणीच्या वेळी घड्याळ लावून मोजलेले मिनिटाचे फेरे.
३. खुणेचे मासे कोणत्या दिवशी, किती वाजता सोडले.
४. धरणाचा विसर्ग, रोजची सरासरी नको, तासातासाचा.
५. शेऱ्याच्या रकान्यात जे काही खरडलं असेल ते, जसंच्या तसं.

बहुतेक उत्तर पाचव्यातच निघतं आणि तो रकाना कोणी वाचत नाही.

रामबागची

तपासणी रोज सकाळी ८ वाजता, तेव्हाच काउंटर शून्यावर आणतात.

पकड: ३८, ४१, ३५, ९, ९६, ५२, २९.
काउंटर: पहिले तीन दिवस ६,७०० ते ६,९००. चौथ्या दिवशी १,१५०. पुढचे तीन दिवस ९,८०० ते १०,३००.
मिनिटाचे फेरे: पहिले तीन दिवस ४.८. चौथ्या दिवशी ७.१. पुढे ७.२.
सोडले: तिसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता.
विसर्ग: तिसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता १,४०० क्युसेकवरून ३,९०० क्युसेक केला, आठवडाभर तसाच.
शेरा, चौथा दिवस: नुसतं "एल.आर." लिहिलं आहे.

पाणचक्की

मिळालं. एल.आर. म्हणजे बहुधा लॉग रिमूव्ड, लाकूड काढलं. एकदा विचारून खात्री करा, पण काउंटर तेच सांगतोय.

काउंटर भागिले मिनिटाचे फेरे, म्हणजे शंकू किती मिनिटं फिरला. पहिले तीन दिवस ६,९०० ÷ ४.८ = १,४३७ मिनिटं, म्हणजे पूर्ण दिवस. चौथ्या दिवसाचे ७.१ फेरे अडकलेलं लाकूड काढल्यानंतर मोजलेले आहेत, ते इथे घ्यायचे नाहीत. आदल्या सकाळचे ४.८ घेतले तर १,१५० ÷ ४.८ = २४० मिनिटं. दोन्हींच्या मधले ६ घेतले तरी १९० मिनिटं. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी ८ पासून (चौथ्या दिवसाची नोंद तिथूनच सुरू होते) शंकू तीन-चार तास फिरला आणि ११-१२ च्या सुमारास अडकला. धरणातून ७ वाजता सुटलेलं पाणी १८ किलोमीटर खाली यायला तीनेक तास धरा. वाढत्या पाण्याचं तोंड काठावरचा सगळा पालापाचोळा आणि ओंडके उचलून आणतं. वेळ बरोबर जुळते.

रात्री ८ वाजता मासे सोडले तेव्हा खाली ट्रॅप थांबलेला होता. खुणेची पिल्लं बहुतेक पहिल्याच रात्री उतरतात. ती थांबलेल्या शंकूला वळसा घालून गेली. ही चाचणी झालीच नाही असं धरा आणि ते १२० काढून टाका. प = ० लिहू नका, कारण शून्य हे मोजमाप असतं आणि इथे मोजमापच झालेलं नाही.

मंडलेश्वरच्या घाटावर पाणी चढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी चढायला लागलं की आधी कचरा येतो.

रामबागची

मग त्या दिवसाच्या ९ माशांना २४ ÷ ४ ने गुणून ५४ करू का?

पाणचक्की

नको. ते चार तास दिवसाचे होते. ही पिल्लं उतरतात रात्री, दिवसा अगदी तुरळक. शिवाय चढत्या आणि गढूळ पाण्यात एकदम लोंढा निघतो. म्हणजे तुमचा बंद पडलेला दिवस हा नेमका जास्त माशांचा दिवस असण्याची शक्यता दाट. आधीचे ३५ आणि नंतरचे ९६ यांचा मध्य ६५ येतो, तो किमान म्हणून ठेवा. पूर्ण मोसमाच्या रोजच्या पकडीवर विसर्ग आणि गढूळपणा घेऊन स्प्लाइन (आकड्यांमधून जाणारी गुळगुळीत वक्ररेषा) बसवता आली तर उत्तम.

चौकट_राशी

आणि तो आठवडा तसाच अखंड ठेवू नका. आठवडे आपण कॅलेंडरवरून पाडतो, नदीला ते माहीत नसतात. पहिले तीन दिवस १,४०० क्युसेकचे, पुढचे चार ३,९०० चे. पाणी वाढलं की नदीच्या एकूण प्रवाहातला शंकूतून जाणारा वाटा घटतो आणि कार्यक्षमता पडते. शंकू जोरात फिरतोय म्हणजे जास्त पकडतोय, असा गैरसमज नेहमी होतो.

मोसमात इतर कधी जास्त विसर्गात चाचणी झाली आहे का?

रामबागची

आहे. आठवडा १३, विसर्ग ३,६०० क्युसेक, ४०० सोडले, ६ परत आले.

चौकट_राशी

दीड टक्का. हीच हवी होती. आता मांडा:

दिवस १ ते ३: पकड ११४. कमी विसर्गाच्या तिन्ही चाचण्या एकत्र: ११४ × ८३१ ÷ ३४ = २,७८६.
दिवस ४: भरून काढलेले ६५. ६५ × ४०१ ÷ ७ = ३,७२४.
दिवस ५ ते ७: पकड १७७. १७७ × ४०१ ÷ ७ = १०,१४०.

एकूण १६,६५०. तुमच्या दोन्ही आकड्यांपासून दूर. ७,५४५ लिहिला असता तर निम्म्याहून जास्त मासे कागदावरून गायब झाले असते, तेही धरणाने पाणी सोडलं त्याच आठवड्यात. धरणातून पाणी सोडल्याने पिल्लं उतरतात का, हे बघण्यासाठीच तर हा ट्रॅप लावतात.

आता यातली कच्ची बाजू. तेराव्या आठवड्यात पिल्लांची लांबी किती होती? आठव्या आठवड्यात ती ३८-४० मिलिमीटरची असणार. मोठं पिल्लू ताकदीने पोहून तोंडाशी आलेला शंकू चुकवतं, त्यामुळे त्याची कार्यक्षमता कमी येते. लांबीत बराच फरक असेल तर ५७ चा गुणक (४०१ ÷ ७) लहान पिल्लांना जरा जास्त पडतो आणि १६,६५० थोडा फुगलेला आहे.

रामबागची

आठवडा ८ ची सरासरी ३९ मिलिमीटर, आठवडा १३ ची ५८.

चौकट_राशी

मग एक आकडा आणि त्याखाली पट्टा (किमान किती ते कमाल किती) द्या. मोसमातल्या सगळ्या चाचण्या घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन करा: परत आला की नाही हे एका बाजूला, विसर्गाचा लॉगॅरिदम आणि फोर्क लेंग्थ (नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी) दुसऱ्या बाजूला. आकड्यांचं विखुरणं द्विपदी वितरण धरतं त्यापेक्षा जास्त निघेल, म्हणून ते जास्तीचं विखुरणं हिशेबात घेणारं क्वासी-बायनॉमिअल घ्या, नाहीतर पट्टा खोटा अरुंद येतो. चाचण्या आठ-दहाच असतील तर दोनपेक्षा जास्त चल घुसवू नका. आर (संख्याशास्त्राची संगणक-भाषा) वापरत असाल तर बीटीस्पास (BTSPAS) पॅकेज याच कामाचं आहे, शेजारच्या आठवड्यांकडून उसनं बळ घेतं. पण बंद पडलेला दिवस त्यालाही आपणच दाखवून द्यावा लागतो.

आठवडा ७ एकटा घेतला तरी १२,६४२ ला प्रमाणत्रुटी ३,७९२ येते, म्हणजे ३० टक्के. ९ परत आलेल्या माशांवर याहून नेमकं काही मिळत नाही. एकक-दशकापर्यंतचे आकडे अहवालात छापू नका, हजारात लिहा.

पलासिया_पूर्व

मध्येच विचारतो. हाच ट्रॅप ओंकारेश्वरच्या खाली लावून महसीरची पिल्लं मोजता येतील का?

पाणचक्की

पकड मोजता येईल, त्यावरून एकूण संख्या काढता येणार नाही. या सगळ्या हिशेबाचा पाया असा की सामनचं पिल्लू ट्रॅपपाशी एकदाच येतं आणि खालीच जातं. महसीर गोड्या पाण्यातच राहतो, पावसात वर चढतो, परत येतो, डोहात थांबतो. तोच मासा चारदा मोजला जाईल किंवा कधीच नाही. आणि पुराच्या नर्मदेत तरंगत्या ट्रॅपचा दोर तुटायची वाट बघत बसावं लागेल.

रामबागची, तुमच्या ३१ ट्राउटचं उत्तरही हेच. रेनबो ट्राउट आणि समुद्राला जाऊन येणारा स्टीलहेड ही एकच जात. काही पिल्लं समुद्राला जातात, काही जन्मभर त्याच नदीत राहतात, आणि राहणारीही ट्रॅपमध्ये सापडतात. त्यांना चिनूकची कार्यक्षमता लावून गुणू नका. अवस्थेचा रकाना बघा, वाढीच्या क्रमाने: पिवळी पिशवी असलेलं, फ्राय (इवलं पिल्लू), पार (अंगावर पट्टे असलेलं), रुपेरी पार, स्मोल्ट (समुद्राला जायला तयार). अंगावरचे पट्टे मावळले, खवले रुपेरी होऊन हाताला लागायला लागले, पाठीच्या व शेपटीच्या पराची कड काळी पडली, तो स्मोल्ट. अवस्था, लांबी आणि तारीख यांचा तक्ता द्या, सोबत ट्रॅप फिरलेल्या दर तासामागची पकड. अंदाजाचा रकाना कोरा ठेवा.

रामबागची

कंपनीला पुढच्या मोसमासाठी काही सुचवायचं असेल तर?

पाणचक्की

विसर्ग वाढवायचं वेळापत्रक धरणाकडून आधीच मिळतं. त्या दिवशी ट्रॅप दर दोन-तीन तासांनी बघायचा, आणि मासे सोडायच्या आधी कोणीतरी खाली जाऊन शंकू फिरतोय हे डोळ्यांनी पाहायचं. फोनवर "चालू आहे ना" एवढ्याने भागत नाही. खुणेचे मासे २४ तास टोपलीत ठेवून मेलेले व मरगळलेले वजा करायचे, आणि उरलेलेच ख मध्ये धरायचे. सोडताना एका बादलीत सगळे ओतू नका. अंधार पडल्यावर दहा-दहाच्या गटाने नदीच्या पूर्ण रुंदीवर सोडा, नाहीतर घोळका एकाच धारेने जातो आणि कार्यक्षमता कधी भलतीच जास्त, कधी भलतीच कमी निघते. ३,५०० क्युसेकच्या वर निदान ४७० मासे हवेत, तर दीड टक्क्याने ७ परत येतील. जंगली पिल्लं तेवढी जमत नसतील तर हॅचरीची (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली) वापरतात, पण ती अंगाने मोठी आणि वागायला वेगळी, तेव्हा त्या चाचण्या वेगळ्या रकान्यात.

चौकट_राशी

इंदूरहून काम करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. विसर्गाच्या नोंदी वर्षभर प्रमाणवेळेत असतील आणि ट्रॅपवाले मनगटावरचं घड्याळ बघून लिहीत असतील, तर आठवडा ११ पासून सगळं एका तासाने सरकलेलं असणार. तेरावा आठवडा त्यातच येतो. दोन्हीकडची वेळ कोणती ते लेखी विचारून घ्या.

रामबागची

विचारलं. विसर्ग प्रमाणवेळेत आहे, ट्रॅपच्या वेळा घड्याळाच्या. दुरुस्त करतेय. आणि एल.आर. म्हणजे लॉग रिमूव्डच. पूर्ण फाइलमध्ये शोधलं तर आणखी दोन दिवस निघाले, आठवडा ११ आणि १५ मध्ये. काउंटर अनुक्रमे ६,१०० आणि २,३००, मिनिटाचे फेरे ५ आणि ५.२.

पाणचक्की

६,१०० ÷ ५ = १,२२० मिनिटं, वीस तासांच्या वर. तो दिवस ठेवा, पण चाचणीची रात्र नव्हती ना ते पाहा. २,३०० ÷ ५.२ = ४४२ मिनिटं, साडेसात तासही नाहीत, रात्रीच्या आधीच थांबला. तो कोरा.