सोडून दिलेले दोन ससे फ्लॅटमध्ये दत्तक घेण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन ससे सोडून दिले होते. तेथील प्राणिमित्रांनी ते उचलून नेले असून सध्या ते त्यांच्यापैकी एका ताईंच्या घरी आहेत. एक पूर्ण पांढरा, लाल डोळ्यांचा आहे आणि दुसरा करडा आहे. दोघांचे वय सहा महिन्यांच्या आसपास असावे आणि दोन्ही माद्या असाव्यात, असा त्या ताईंचा अंदाज आहे. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने एप्रिल-मे महिन्यांत चांगलेच तापते. घरी नऊ वर्षांची मुलगी आहे आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. दोन्ही ससे घ्यावेत की एकच, त्यांना पिंजऱ्यात ठेवावे की मोकळे, आणि आणण्यापूर्वी कशाची खात्री करून घ्यावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

नाशिककर

दोघे एकमेकांजवळ बसत असतील, एकमेकांचे अंग चाटत असतील, तर त्यांची ताटातूट करू नका. सशाला सोबत लागते, आणि जुळलेली जोडी मोडल्यावर मागे राहिलेला ससा खाणे कमी करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मात्र 'दोन्ही माद्या' या अंदाजावर विसंबून त्यांना एकत्र ठेवू नका. लहान सशाचे लिंग ओळखताना जाणकारही चुकतात, आणि बहिणी म्हणून आमच्याकडे आलेल्या जोड्यांमध्ये एक नर निघणे ही नित्याची गोष्ट आहे. सशाच्या मादीचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. हौसेने विकत घेतलेली जोडी काही महिन्यांत खोक्यात भरून बाहेर सोडली जाते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. म्हणून पशुवैद्याकडून तपासणी होईपर्यंत दोघांना एकाच खोलीत, पण मध्ये जाळी लावून ठेवावे, म्हणजे दिसणे आणि वास घेणे चालू राहते. पांढरा आणि करडा यांपैकी कोणीही छातीवरचे केस उपटून गवतात घालू लागला, तर ती मादी आहे आणि बहुधा प्रसूती जवळ आली आहे, असे समजावे.

नराची नसबंदी झाल्यानंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी जाळी काढण्याची घाई करू नये. दोन्ही माद्या निघाल्या तरी नसबंदी टाळू नका. वय वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. शिवाय वयात आल्यावर हद्दीवरून होणारी भांडणे आणि जागोजागी मूत्र सोडणे शस्त्रक्रियेनंतर बरेच कमी होते.

करडा ससा नीट पाहून घ्या, हेही सुचवतो. मानेच्या मागे काळा पट्टा, लांब पाय आणि शेपटीची वरची बाजू काळी असेल, तर तो आपल्याकडचा रानससा असू शकतो. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तो घरी ठेवता येत नाही आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे लागते. खोक्यात पांढऱ्या सशासोबत सापडलेला असल्याने तो पाळीवच असण्याची शक्यता अधिक आहे, तरीही खात्री करण्यास मिनिटभरच लागतो.

पशुवैद्य, कोल्हापूर

वरील सूचनांना माझी पूर्ण सहमती आहे. ससे घरी येण्यापूर्वीच सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवावा, कारण कुत्र्या-मांजरांची उत्तम चिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाला सशांचा सराव असतोच असे नाही. त्यांना एकच प्रश्न विचारावा : भूल देण्यापूर्वी सशाला किती तास उपाशी ठेवता? 'आदल्या रात्रीपासून' असे उत्तर आले, तर दुसरा पशुवैद्य पाहावा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्याप्रमाणे त्याला उपाशी ठेवण्याचे कारण नसते. उलट पोट रिकामे राहिल्याने आतड्यांची हालचाल मंदावण्याचा धोका असतो.

हाच धोका तुम्हाला घरीही लक्षात ठेवावा लागेल. रोज सकाळी शौचाच्या ट्रेमधील लेंड्या पाहण्याची सवय लावून घ्यावी. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, साधारण वाटाण्याएवढ्या असतात आणि फोडल्यास आत गवताचे तंतू दिसतात. त्या लहान होत गेल्या, केसांच्या धाग्याने एकमेकींना जोडलेल्या आल्या किंवा येणेच थांबले, ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसला आणि दात करकरू लागला, तर उद्यापर्यंत वाट पाहू नये. ससा दहा-बारा तास काहीही न खाता राहिला, तर ती तातडीची स्थिती मानावी. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारखी विष्ठा मात्र ससा स्वतः थेट खातो. ते त्याच्या पोषणासाठी आवश्यक असते आणि त्याला त्यापासून रोखू नये.

बेवारस सापडलेल्या सशांना खरूज, कानातील माइट्स (अतिसूक्ष्म परजीवी कीटक) किंवा गजकर्ण असू शकते, आणि गजकर्ण माणसालाही होते. म्हणून पहिले दोन आठवडे त्यांना एका खोलीत ठेवावे आणि मुलीने त्यांना हाताळल्यावर हात धुवावेत. पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्यासाठी मिळणारे फिप्रोनिलयुक्त औषध मानेवर टाकू नये, कारण ते सशासाठी प्राणघातक ठरू शकते. तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही आतड्यांतील जीवाणूंचा समतोल बिघडवून जीव घेऊ शकते, तेव्हा घरातील औषधपेटी सशांपासून दूर राहू द्यावी.

ठाण्याहून

आमच्याकडेही ससे घरातच वावरतात, म्हणून घराविषयी लिहिते. बाजारात सशासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान पिंजऱ्यात त्याला धड उभेही राहता येत नाही. घडीचे जाळीदार कुंपण घेऊन एक कोपरा त्यांचा करावा आणि घरात कोणी असेल तेव्हा मोकळे सोडावे. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात, म्हणून सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरावी. तारांच्या जाळीवर सतत बसल्याने तळपायांना जखमा होतात, त्यामुळे खाली जाळी नसावी. विजेच्या वायरी ते कुरतडतातच, तेव्हा त्या पाइपमध्ये घालाव्यात किंवा उंचावर न्याव्यात. मनीप्लांट आणि डिफेनबाकिया यांच्या कुंड्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.

शौचासाठी उथळ ट्रे ठेवून त्यात वर्तमानपत्र घालावे आणि एका टोकाला वाळलेल्या गवताचा ढीग लावावा. ससा खाता खाता विधी उरकतो, त्यामुळे नसबंदीनंतर बहुतेकांना ट्रेची सवय लवकर लागते.

आहाराचा मुख्य भाग गवत हाच असतो. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. टिमोथी गवत महाग पडते, परंतु ओट गवत आणि स्वच्छ जागेतील ताजी हरळीही चालते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ सशाला ती रोज देऊ नये. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला थोडा थोडा द्यावा. गाजर हे गोडधोड समजावे. हरभरे, पोळी, बिस्किटे अजिबात देऊ नयेत. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, म्हणून एकदम मोठा साठा करू नये, कोरड्या जागी ठेवावे, आणि वास कुबट आला तर ते टाकून द्यावे.

उन्हाळ्याबद्दल तुमची काळजी रास्त आहे. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो, आणि तापमान तिशीपलीकडे गेले की उष्माघाताचा धोका वाढतो. नुसत्या पंख्याचा त्याला फारसा उपयोग होत नाही. घरातील सर्वांत थंड खोली त्यांना द्यावी, बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून जवळ ठेवावी, कान ओल्या हाताने पुसावेत. तुमच्या घरात मे महिन्याच्या दुपारी कूलर किंवा एसी लागणार नसेल, तर ससे आणण्याचा निर्णय पुन्हा तपासून पाहावा, असे मी स्पष्टच सांगेन.

सिंहगड रस्ता, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. एसीची खोली आम्ही देऊ शकतो. सासूबाईंचा दमा आणि मुलीची हौस, या दोन गोष्टींबद्दल अजून विचारायचे होते. तसेच आमच्या चौकात गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके पुष्कळ असतात, त्याचे काय करावे?

नाशिककर

सासूबाईंना आधी त्या ताईंच्या घरी दोन-तीन वेळा घेऊन जा आणि गवत टाकले जात असताना तेथे बसू द्या. अनेकदा सशाच्या केसांपेक्षा गवताच्या धुळीचाच त्रास अधिक होतो. गवत बाल्कनीत झटकून आणल्याने धूळ कमी होते, पण खोकला किंवा धाप वाढली तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुलीला उचलून घ्यायला न लावता जमिनीवर बसवा आणि सशाला तिच्याजवळ येऊ द्या. धरलेला ससा मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि मागचा भाग आधाराविना लोंबकळला तर पाठीचा कणा मोडू शकतो. कान धरून तर कोणीच कधी उचलू नये. ससा दहा वर्षेही जगतो, म्हणजे ही जबाबदारी तुमचीच राहील, हे तिच्याशी बोलून ठेवा.

मिरवणुकीच्या आणि फटाक्यांच्या दिवसांत त्यांना रस्त्यापासून दूरच्या खोलीत, दोन तोंडे असलेल्या खोक्यासह ठेवा आणि त्या रात्री खाणे व लेंड्या यांकडे लक्ष द्या, कारण भीतीनेही आतडी मंदावतात. ससे आणताना त्या ताईंकडून सध्या चालू असलेले गवत आणि पेलेट्स (सशांचे गोळीखाद्य) आठवडाभर पुरतील इतके मागून घ्या आणि नवे खाणे हळूहळू मिसळत जा. एखाद्या कारणाने जमले नाही तर ससे त्यांच्याकडेच परत जातील, असेही त्यांच्याशी आताच लेखी ठरवून घ्या.