सिझरनंतर फिजिओथेरपी घ्यायची आहे, विटा-कराड भागात कुठे जाऊ? मदत हवी आहे

नमस्कार. माझं सिझर होऊन दोन महिने होत आले. पहिलंच बाळंतपण, मुलगी. ऑपरेशन पुण्यात झालं, आता विट्याला माहेरी आहे. लेक अंगावर पिते, वजन छान वाढतंय. टाकेही वरून भरलेत. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी जखम बघितली आणि सगळं उत्तम आहे म्हणाले. पण मला उत्तम वाटत नाहीये आणि कुणाला विचारायचं ते कळत नाहीये.

काय होतंय ते नीट लिहिते. टाक्यांच्या वरचा तळहाताएवढा भाग बधिर आहे, हात लावला तर तो हात दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखा वाटतो. आणि टाक्यांच्या उजव्या टोकाला बरोबर उलट, सलवारची नाडी घासली तरी झिणझिण्या येतात. ताठ उभी राहिले की आतून ओढ बसते, त्यामुळे मी नकळत पुढे वाकून चालते. संध्याकाळपर्यंत कंबर धरते. उताणी झोपून उठायला गेले की बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध, उभा उंचवटा येतो आणि आडवं पडलं की जातो. शिंक आली की लघवीचे थेंब जातात. हे लिहितानाही संकोच वाटतोय, पण इथे नाही तर कुठे लिहू? सिझर झालेल्यांना हा त्रास होत नाही असंच मी आजवर ऐकलं होतं.

घरात सगळे जीव लावून करतात, पण प्रत्येकाचं सांगणं वेगळं. मालिशवाल्या मावशी म्हणतात, पोट चांगलं चोळून घेऊ म्हणजे आत जाईल. आई पट्टा दिवसभर घट्ट बांधायला लावते. सासूबाईंचा रोज फोन, काही उचलू नकोस, वाकू नकोस. मोबाईलवर व्हिडिओ लावले तर तिथे सिट-अप्स. डिस्चार्ज कार्डवर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या, बाळाच्या लसी, टाक्यांची काळजी सगळं आहे. व्यायामाबद्दल एकच ओळ : सहा आठवड्यांनी हलका व्यायाम. हलका म्हणजे कोणता?

माझ्या मामांचा गुडघा बदलला तेव्हा दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट त्यांच्या कॉटजवळ हजर होते. चालायचं कसं, जिना कसा चढायचा, सगळं शिकवलं. माझी कातडी, चरबी, पोटाचा चिवट पडदा आणि गर्भाशय, इतकं सगळं कापून शिवलं, वर तिसऱ्या दिवसापासून बाळ उचलायचं, आणि मला कॉटवरून उठायचं कसं हेही कुणी सांगितलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. म्हणजे पाचातली एक बाई तरी यातून जाते. त्या सगळ्या काय करतात?

तर मला हवंय ते असं. या कामाचे फिजिओथेरपिस्ट वेगळे असतात का? इथले बहुतेक दवाखाने मान-कंबर-गुडघ्याचे आणि मशीनवर शेक देणारे दिसतात. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर चालतं का? आणि जाईपर्यंत घरी काय सुरू करू, काय अजिबात करू नको? मावशींना पोट चोळू द्यावं का हे आधी सांगा, त्या उद्या सकाळी येणार आहेत.

रानजाई
अगं, तू लिहिलंयस ते सगळं मला झालं होतं, शिंकेचं धरून. मी चार वर्षं गप्प बसले आणि दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा कळलं की यावर इलाज आहे. तू दोन महिन्यांतच विचारतेयस, फार बरं केलंस. विट्यातलं मला माहीत नाही, पण कराड तुला लांब नाही. तिथे कृष्णा विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. कॉलेज असलं की ओपीडी असतेच. आधी फोन करून बाळंतपणानंतरच्या बायकांना कोण बघतं, ते विचार. बाळाला घेऊनच जा, मीही नेत होते.

वेदवती
मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच विषयात काम करते. इथून तपासता येत नाही, त्यामुळे हे प्रत्यक्ष भेटीला पर्याय समजू नकोस.

आधी उद्याचं. मावशींना पाठ, पाय, खांदे खुशाल चोळू दे. पोट जोरात चोळून नको. कातडी दोन आठवड्यांत जुळते, पण आतला चिवट पडदा सहा आठवड्यांनाही आपली सगळी ताकद परत मिळवत नाही, त्याला कित्येक महिने लागतात. व्रणाचा मसाज असतो, पण तो वेगळा : जखम पूर्ण सुकलेली, खपली नाही, डॉक्टरांची हरकत नाही, तेव्हा दोन बोटांनी आधी व्रणाच्या आजूबाजूला, मग हळूहळू व्रणावर. कातडी वर-खाली, डावी-उजवी सरकवून बघायची, जिथे चिकटल्यासारखी वाटेल तिथे थोडं थांबायचं. पाच मिनिटं पुरे. झिणझिण्या येतात त्या टोकाला आधी कापूस फिरव, सवय झाली की मऊ सुती कापड, मग टॉवेल. बधिरपणा नसा कापल्या गेल्यामुळे येतो. तो महिनोन्‌महिने हळूहळू कमी होतो, काहींना लहानसा भाग तसाच राहतो. घाबरू नकोस.

उंचवटा येतो म्हणतेस तो पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधला भाग ताणलेला असल्यामुळे. सिझरमध्ये हे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. ते लांब जातात गरोदरपणातच, पोट वाढताना. लघवीचंही तसंच. नऊ महिने वजन पेललंय ते ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी, बाळ कुठूनही बाहेर येवो. त्यामुळे सिझर झालं म्हणून तो त्रास होत नाही, हे खरं नाही.

म्हणून सध्या सिट-अप्स, कपालभाती, दोन्ही पाय एकदम वर उचलणं बंद. उठताना आधी गुडघे वाकव, कुशीवर वळ, पाय कॉटखाली सोड आणि हाताने रेटा देऊन बस. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की उशी पोटाशी धर आणि त्याआधी खालचे स्नायू आवळ. ते आवळायचे असे : गॅस अडवतो तसं मागून, मग लघवी धरतो तसं पुढून, आणि आत-वर ओढायचं. श्वास धरायचा नाही, मांड्या-नितंब घट्ट करायचे नाहीत. जितके सेकंद जमेल तितके धर आणि मग पूर्ण सोड. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, बाळ पीत असताना केलं की विसरायला होत नाही. मात्र लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नकोस. किमान तीन महिने नेटाने केलं की फरक कळतो.

याच्या जोडीला उताणी, गुडघे वाकवून श्वास : घेताना बरगड्या बाजूला फुलू देत, सोडताना ओटीपोट हलकेच आत. त्याच स्थितीत कंबर जमिनीला टेकवायची-सोडायची, मग एकेक टाच सरकवत पाय लांब. उंचवटा दिसला की थांब, तो व्यायाम अजून तुझ्यासाठी नाही. रोजचं चालणं हळूहळू वाढव. आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टरांना सांग, संडासला जोर करणं या सगळ्यावर पाणी फिरवतं.

ताप, टाक्यातून पू किंवा वास, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक जास्त रक्तस्राव, धाप यातलं काहीही झालं तर फिजिओची वाट बघू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

नीलमोहर
मी फ्रान्समध्ये असते. इथे बाळंतपणानंतर या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायची सत्रं डॉक्टर लिहून देतात आणि खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. माझी आई आली होती तिला आधी विचित्रच वाटलं, मग म्हणाली आमच्या वेळी हे असतं तर मला आयुष्यभर जपून हसावं लागलं नसतं. तुझ्या आईला सोबत घेऊन जा, हे माझं सांगणं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. वेदवतीताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी आज पोट सोडून बाकी मालिश केली, त्या काही रागावल्या नाहीत. कराडला फोन लावतेय. आणखी दोन शंका. पट्ट्याचं काय करू? आईला तो सोडायला सांगितला तर वाईट वाटेल. आणि तिथे गेल्यावर आतून तपासतात का? त्याची थोडी भीती वाटते.

वेदवती
पट्टा सोडायची घाई नाही. सुरुवातीला त्याने आधार मिळतो, चालणं सोपं जातं, आईचं काही चुकलेलं नाही. फक्त तो स्नायूंचं काम करत नाही आणि फार आवळला तर दाब खाली तळावर जातो. दोन बोटं सहज आत जातील इतका सैल ठेव, बाहेर जाताना किंवा जास्त वेळ उभं राहायचं असेल तेव्हा बांध, व्यायामाच्या आणि झोपेच्या वेळी काढ.

आतून तपासणी तुझ्या संमतीशिवाय होत नाही. नको म्हणालीस तरी पोट, व्रण, श्वास, उभं राहणं हे सगळं बाहेरून बघून बरंच काम सुरू होतं. बाई फिजिओथेरपिस्ट हवी म्हणून फोनवरच सांग. त्यांची महाराष्ट्र राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे ना, हेही विचारायला संकोच नको. व्हिडिओ कॉल पहिल्या भेटीनंतर चालेल, पहिल्यांदा मात्र हाताने बघू दे. खाली जडपणा किंवा अंग बाहेर येतंय असं कधी वाटलं असेल तर ते आवर्जून सांग, त्यावर व्यायाम बदलतात. डिस्चार्ज कार्ड बरोबर ने, आणि कपडे सैल घाल.